शिमाझाकी तोसोन : बुद्धाच्या देशातली लपवलेली जात सांगणारा लेखक

जपानी शिकणारी काही मुलं आमच्या ओळखीत आहेत. कुणी अ‍ॅनिमे बघून त्या भाषेकडे वळलं, कुणी नोकरीच्या आशेने. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वसतिगृहांतून पुण्याला गेलेल्या या मुलांकडून दोन गोष्टी आम्ही हमखास ऐकतो. पहिली अभिमानाने सांगितली जाते : जपान बुद्धाचा देश आहे, तिथे जात नाही. दुसरी हळू आवाजात : खोली बघायला गेल्यावर मालकाने आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि आपण भलतंच काहीतरी सांगून वेळ मारून नेली. या दोन्ही गोष्टींशी थेट संबंध असलेला एक जपानी लेखक आहे. त्याचं आयुष्य आपल्या तरुणांना माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

शिमाझाकी तोसोन यांचा जन्म १८७२ चा. खरं नाव हारुकी. किसो खोऱ्यातलं त्यांचं मागोमे हे गाव नाकासेंदो या जुन्या राजमार्गावर होतं. घराणं गावप्रमुखाचं, प्रवासातल्या सरदारांचा मुक्काम त्यांच्याच वाड्यात पडे. म्हणजे तोसोन उतरंडीत वरच्या बाजूचे. पण काळ बदलला, घराण्याचं वैभव गेलं, वडिलांचं मन ढळलं आणि १८८६ मध्ये घरातच कोंडलेल्या अवस्थेत ते वारले. मुलाला त्याआधीच, वयाच्या नवव्या वर्षी, शिकायला टोकियोला पाठवलं होतं. तिथे मिशनऱ्यांच्या कॉलेजात तोसोन इंग्रजी शिकले, काही काळ ख्रिस्ती झाले, मग शिक्षक आणि कवी. १८९७ मधल्या त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहापासून आधुनिक जपानी कविता सुरू झाली असं मानतात.

त्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८७१ मध्ये, जपान सरकारने हुकूम काढून तिथली अस्पृश्यता रद्द केली होती. मेलेली जनावरं उचलणाऱ्या आणि कातडी कमावणाऱ्या लोकांना तिथे ‘एता’ म्हणत. हा शब्द ज्या दोन अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थच ‘पुष्कळ घाण’. हुकमानंतर त्यांना ‘नवे सामान्यजन’ म्हणू लागले आणि त्या ‘नवे’ शब्दानेच ते पुन्हा ओळखू येऊ लागले. १८७२ च्या कुटुंबनोंदणीतही अनेक ठिकाणी जुनी ओळख उतरली. कायदा बदलला तरी दप्तर आणि जीभ बदलत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

१८९९ मध्ये तोसोन कोमोरो या डोंगरातल्या गावी शिक्षक म्हणून गेले. तिथे त्यांच्या कानावर ओए इसोकिची या शिक्षकाची हकीकत आली. विद्वान माणूस, पण जन्म कळताच त्याला छळ सोसावा लागला. त्या हकीकतीतून कादंबरी उभी राहिली. ती पूर्ण करण्यासाठी तोसोन यांनी नोकरी सोडली, कर्ज काढलं आणि १९०६ मध्ये पुस्तक स्वतःच छापलं. त्या ओढाताणीच्या साधारण वर्षभरात त्यांच्या तीन लहान मुली आजारांनी दगावल्या.

कादंबरीचं नाव ‘हाकाई’. ‘हा’ म्हणजे मोडणे. ‘काई’ म्हणजे शील, तेच जे आपण वंदनेत घेतो. जपानीत पंचशीलाला ‘गोकाई’ म्हणतात. कादंबरीतल्या उशिमात्सु या तरुण शिक्षकाला वडिलांनी एकच शील दिलेलं असतं : काहीही झालं तरी जात सांगायची नाही. तो राहतो बौद्ध मंदिरात. त्याला मनातून मानतो तो रेनतारो हा लेखक, जो आपला जन्म उघड सांगतो आणि लढतो. रेनतारोचा खून होतो. मग उशिमात्सु वर्गात उभा राहून मुलांना सत्य सांगतो, गुडघे टेकून त्यांची माफी मागतो आणि अमेरिकेची वाट धरतो.

आम्हाला इथे अडखळायला होतं. वडिलांचं शील मोडून तो बुद्धाचं चौथं शील पाळतो, खोटं बोलणं थांबवतो. मग माफी कसली? खोटं बोलायची वेळ ज्यांनी आणली, त्यांनी मागावी. हाच आक्षेप तिथल्या बुराकू चळवळीने घेतला. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी, १९२२ मध्ये, क्योतोत ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभी राहिली होती. तिच्या टीकेनंतर तोसोन यांनी १९२९ मध्ये पुस्तकाची छपाई थांबू दिली आणि १९३९ मध्ये शब्द बदलून नवी आवृत्ती काढली. मूळ मजकूर पुन्हा छापला गेला १९५३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. १९६२ मध्ये कोन इचिकावा यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. त्यात नायक अमेरिकेला पळत नाही, रेनतारोच्या पत्नीबरोबर टोकियोला जातो. पुस्तक वाचून हा चित्रपट पाहिला की चळवळीने काय घडवलं ते समजतं.

तोसोन यांना थोर ठरवून मोकळं होता येत नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी सख्ख्या पुतणीशी संबंध ठेवले, १९१३ मध्ये फ्रान्सला निघून गेले आणि परतल्यावर ते सगळं कादंबरीत कबूल केलं. कबुलीने त्यांची कीर्ती टिकली, बदनामी पुतणीच्या वाट्याला आली. १९४१ मध्ये लष्कराच्या सैनिकसंहितेची भाषा सुधारून देण्यातही त्यांचा हात होता. १९४३ मध्ये ते वारले.

आणि ‘काई’ हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. जपानी भिक्खू मृताला नवं नाव देतात, त्याला ‘काईम्यो’ म्हणतात, म्हणजे शीलाचं नाव. बुराकू लोकांच्या अशा नावांत कित्येक मंदिरांनी ‘पशू’, ‘चामडं’ अशी अक्षरं घातली आणि ती थडग्यांवर कोरली. १९७९ मध्ये सोतो झेन पंथाच्या प्रमुख पदाधिकाऱ्याने जागतिक धर्मपरिषदेत जपानमध्ये असा भेद नाहीच असं सांगितलं. बुराकू संघटनांनी जाब विचारल्यावर पंथाला चूक मान्य करावी लागली आणि ही नावं शोधून बदलण्याचं काम सुरू झालं. बुद्धाची मूर्ती आली म्हणून जात जात नाही. बाबासाहेबांनी धम्माबरोबर बावीस प्रतिज्ञा का दिल्या, याचं उत्तर त्या थडग्यांवर आहे.

तोसोन यांनी हे बाहेरून पाहिलं. आतून सांगणारा माणूस आपल्या जिल्ह्यात होऊन गेला, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी घरातलं, आवाठातलं, स्वतःचंही काही झाकलं नाही. आपल्यातलेही काही लोक त्यावर चिडले. पण ‘बलुतं’ कुणापुढे गुडघे टेकत नाही. जपानी शिकणाऱ्या मुलांनी ही दोन पुस्तकं जवळजवळ ठेवून वाचावीत.

खोलीमालकाने गाव विचारलं तर काय सांगायचं, हे आम्ही कुणाला शिकवणार नाही. खोली न मिळण्याची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते. पण ज्या दिवशी सांगायचं ठरेल, त्या दिवशी मान खाली घालून सांगू नये, एवढंच.