पाच मतांचा विजय

दादाभाई नौरोजी यांचा जन्म मुंबईत ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. आई माणेकबाई यांनी मोठ्या कष्टाने त्यांना वाढविले. शाळेला फी नव्हती म्हणूनच त्यांचे शिक्षण होऊ शकले. लोकांच्या पैशाने आपण शिकलो, ते ऋण लोकसेवेनेच फेडावयाचे, ही जाणीव त्यांनी जन्मभर बाळगली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ साली व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले.

हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. हे गाऱ्हाणे पार्लमेंटमध्येच मांडले पाहिजे, असे त्यांना वाटले. परंतु तेथे जावयाचे तर निवडणूक आली आणि निवडणूक म्हटली की पैसा आलाच! १८८३ च्या कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली होती; मतदारांना नेण्यासाठी भाड्याच्या गाड्या करण्यासही बंदी होती. तरीही मतदान घेण्याचा सरकारी खर्च उमेदवारांनाच भरावा लागे आणि १९११ पर्यंत सभासदांना वेतन नव्हते. कामगार मत देऊ शके. उभे राहणे मात्र श्रीमंतालाच परवडे. दादाभाईंनी स्वतःची पुंजी खर्ची घातली, काही हिंदी संस्थानिकांचेही साहाय्य घेतले. रयतेचे दारिद्र्य वेशीवर टांगण्यासाठी राजेरजवाड्यांच्या तिजोरीकडे पाहावे लागावे, हा केवढा दैवदुर्विलास!

१८८६ मध्ये होबर्न मतदारसंघात ते सुमारे सतराशे मतांनी पडले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी काळा माणूस म्हणून त्यांना भर सभेत हिणविले. त्या अपमानामुळेच त्यांचे नाव इंग्लंडभर झाले. पण नुसत्या प्रसिद्धीने मते मिळत नाहीत. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागात त्यांनी वर्षानुवर्षे संपर्क ठेवला, सभा घेतल्या, कामगारांचे प्रश्न समजावून घेतले. स्त्रियांच्या मताधिकाराला आणि आयर्लंडच्या स्वराज्याला त्यांनी पाठिंबा दिला. अखेर १८९२ मध्ये ते निवडून आले, अवघ्या पाच मतांनी! फेरमोजणीत तर ते मताधिक्य तीनवर आले.

१८९५ मध्ये त्यांचा पराभव झाला. ३० जून १९१७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पैशाने सभागृह भाड्याने मिळते, पत्रके छापून होतात. ती शेवटची पाच मते मात्र माणसाला माणूस भेटल्यानेच मिळतात. मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्या प्रत्येक सुशिक्षिताने हा पाचाचा आकडा ध्यानी ठेवावा.