रायफायझेन : गरीब शेतकऱ्यांचे कैवारी

गरीब शेतकऱ्याचा बैल मरतो तेव्हां केवळ एक जनावर जात नाहीं. त्याची पेरणी जाते, आणि पुष्कळदां तिच्यामागून शेतही जातें. अशी आपत्ति एकट्यावर कोसळूं नये म्हणून ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन ह्या जर्मन गृहस्थांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगतों.

त्यांचा जन्म ता. ३० मार्च १८१८ रोजीं हाम नांवाच्या खेड्यांत झाला. नऊ भावंडांत ते सातवे. घरच्या गरिबीमुळें वरचें शिक्षण मिळालें नाहीं. सतराव्या वर्षीं ते सैन्यांत गेले, परंतु नेत्रविकारामुळें तीही नोकरी सुटली. सन १८४५ त वायरबुश व भोंवतालच्या खेड्यांचे ते मुख्य अधिकारी झाले.

लवकरच, सन १८४६-४७ च्या हिवाळ्यांत, तेथें दुष्काळ पडला. रायफायझेन ह्यांनीं सुखवस्तु लोकांकडून पैसा जमविला, सार्वजनिक भट्टी बांधिली, आणि गरिबांस स्वस्त दरानें पाव उधार दिला.

पुढें फ्लामर्सफेल्ड येथें त्यांस दुसरेंच दुःख दिसलें. गुरांचे व्यापारी शेतकऱ्यास गाय उधार देत आणि भारी व्याजांत त्याला बुडवीत. सन १८४९ त सुमारें साठ सधन गृहस्थांस जामीन करून त्यांनीं एक मंडळी स्थापिली. ती गुरें विकत घेऊन गरिबांस देई आणि पांच वर्षांत हप्त्यांनीं पैसे फेडून घेई.

पण परक्यांची दया फार दिवस पुरत नाहीं, हें त्यांस हेडेसडोर्फ येथें कळून आलें. सन १८५४ त तेथें स्थापिलेल्या धर्मादाय मंडळींतील श्रीमंतांचा उत्साह ओसरला. म्हणून सन १८६४ त त्यांनीं तिची पतपेढी केली. कर्ज घेणारानें स्वतः सभासद व्हावें. क्षेत्र एका लहान मुलुखापुरतें असावें, म्हणजे सर्वांस सर्वांची ओळख राहील. प्रत्येकानें सर्वांच्या कर्जास जबाबदार असावें. आणि नफा वांटून न घेतां गंगाजळींत ठेवावा, म्हणजे तोट्याच्या वर्षीं ती उपयोगीं पडेल, असे तिचे नियम होते.

हीं वर्षें त्यांस फार कठीण गेलीं. सन १८६३ त पत्नी वारली, प्रकृति ढासळली, व सन १८६५ त नोकरी सोडावी लागली. दृष्टि जवळजवळ गेली होती. तरी थोरली कन्या अमाली हिच्या साह्यानें त्यांनीं पतपेढ्यांवरील आपला ग्रंथ सन १८६६ त प्रसिद्ध केला. शेजाऱ्यावर प्रीति करणें हें ख्रिस्ती माणसाचें कर्तव्य आहे, ह्या श्रद्धेनें त्यांनीं हें कार्य अखेरपर्यंत चालविलें. ता. ११ मार्च १८८८ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करून मद्रास इलाख्यांत फ्रेडरिक निकल्सन ह्यांनीं अहवाल लिहिला, आणि सन १९०४ त हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आपल्या गांवोगांवच्या सोसायट्यांचें मूळ हेंच होय.

तथापि कर्जानें बैल मिळतो. तो मेल्यास कर्ज मात्र उरतें. तेथें विमाच पाहिजे. जर्मनीतील रायफायझेन संस्थांनीं सन १९२२ त स्वतःच्या विमा कंपन्या काढिल्या. विम्याचें तत्त्वही तेंच : पुष्कळांनीं चांगल्या वर्षीं थोडें थोडें द्यावें, म्हणजे वाईट वर्षीं एकाचें घर बुडत नाहीं. मात्र हप्ता वेळेवर भरणारे सभासद आणि चोख हिशेब ठेवणारे पंच नसतील, तर कोणतीही योजना टिकणार नाहीं, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.