कै. खाशाबा जाधव

पदकाची किंमत त्याच्या धातूवरून ठरत नाहीं. तें कोणत्या मार्गानें मिळालें यावरून ठरते. हा विचार आमच्या बालवाचकांच्या मनावर ठसावा, म्हणून आम्ही येथें कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचें चरित्र थोडक्यांत देत आहों.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यांत झाला. वडील स्वतः पहिलवान असल्यामुळें कुस्तीचें बाळकडू त्यांस घरींच मिळालें. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पुरेसा पैसा नव्हता. तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून साहाय्य केलें. तेथें खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

त्या सामन्यांतील एक गोष्ट मननीय आहे. दोन कुस्त्यांमध्यें अर्धा तास विश्रांति द्यावी असा नियम होता. परंतु त्यांची बाजू मांडणारा आपला अधिकारी हजर नसल्यामुळें थकल्या अंगानें त्यांस पुन्हां उतरावें लागलें व ते हरले, असें सांगतात. नियम कागदावर असून भागत नाहीं. तो पाळणारा व पाळावयास लावणारा असावा लागतो.

त्या काळीं उत्तेजक औषधांची तपासणी नव्हती. ऑलिंपिक सामन्यांत ती १९६८ सालीं सुरू झाली, व आपल्या देशानें २०२२ सालीं त्याविषयीं कायदाच केला. आपल्या शरीरांत काय जातें याची जबाबदारी खेळाडूचीच असते. निषिद्ध द्रव्य नकळत पोटांत गेलें ही सबब सहसा चालत नाहीं. यास्तव कोणीं दिलेली शक्तीची पूड अथवा गोळी, फार काय सर्दीपडशाचें औषधही, जाणत्या डॉक्टरास विचारल्यावांचून खेळाडूनें घेऊं नये. पालकांनींही इकडे लक्ष पुरवावें. जोर, बैठका, सकस अन्न व पुरेशी झोप यांनीं बळ सावकाश येतें, पण तें आपलें स्वतःचें असतें.

१९५५ सालीं खाशाबा पोलीस खात्यांत फौजदार झाले. फौजदार तयार करणारी संस्था आमच्या नाशकांतच असल्यानें या पुरुषाचें नांव आपणांस परकें वाटूं नये. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला. सन्मान उशिरां आला, तरी त्यांच्या पदकाचें तेज तिळभरही कमी झालें नाहीं. मुलांनो, मैदानावर उतरतांना हें ध्यानीं ठेवा.