तापलेल्या इंजिनाला ओली घडी

ताप चढला की आपण कपाळावर ओली घडी ठेवतो. घडीतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, आणि घाम आल्यावर बरं वाटतं तेही यामुळेच. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत आणायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. हा साधा हिशेब मोटारीच्या आणि विमानाच्या इंजिनाला लावून पाहणाऱ्यांत सर हॅरी रिकार्डो हे मोठं नाव. आज रस्त्यावर धावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक इंजिनात त्यांच्या कामाचा काही ना काही अंश आहे.

रिकार्डोंचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटणारे डेव्हिड रिकार्डो याच घराण्यातले. वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. हावडा स्थानकाची लाल विटांची भव्य इमारत त्यांनीच आखलेली. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे भारतातल्या रेल्वेचे सल्लागार अभियंते. १८९८ मध्ये या आजोबांनी मोटार विकत घेतली, तेव्हा इंग्लंडात मोटार पाहिलेली माणसं मोजकीच असतील. तेरा वर्षांचा हॅरी त्यांपैकी एक.

१९०३ मध्ये तो केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तो पूल आणि धरणं बांधायचं शास्त्र शिकायला. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या मोटार क्लबाने स्पर्धा ठेवली: सव्वा लिटरहूनही कमी पेट्रोलवर कोणाचं वाहन सर्वांत दूर जातं? हॅरीने स्वतः बनवलेली मोटरसायकल स्पर्धेतली सर्वांत जड होती, तरी ती ६४ किलोमीटर गेली आणि जिंकली. हे पाहून प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत ओढलं. धरणं मागे पडली.

हॉपकिन्सन ज्या प्रश्नाच्या मागे होते तो आपल्याही ओळखीचा आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून टकटक ऐकू येते. गॅरेजवाला म्हणतो, गाडी नॉकिंग करतेय. त्या काळी समज असा, की आतला एखादा तापलेला भाग प्लगची ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटवतो. हे वेगळं प्रकरण आहे, असं गुरू-शिष्यांच्या लक्षात आलं. ठिणगी वेळेवरच पडते. ज्वाला पसरू लागते आणि पुढच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला कोपऱ्यात दाबत जाते. दाबलेला वायू तापतो. सायकलचा पंप हाताला कढत लागतो तसा. ताप एका हद्दीपलीकडे गेला, की कोपऱ्यातलं मिश्रण ज्वालेची वाट न पाहता एकदम भडकतं. तो धक्का पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. सतत बसत राहिला तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

१९१३ मध्ये हॉपकिन्सन यांनी मोठ्या गॅस इंजिनांच्या सिलिंडरमध्येच पाणी फवारून ती आतून थंड करण्याची पद्धत मांडली. बुडापेस्टच्या बांकी दोनात यांनी त्याआधीच, १८९०च्या दशकात, हवेबरोबर पाणी देऊन इंजिन चालवलं होतं. कल्पना रिकार्डोंची नव्हती, पण ती नेमकी किती ताणता येते हे पुढे मोजलं त्यांनी.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. ब्रिटिश रणगाड्यांची जुनी इंजिनं इतका धूर ओकायची की शत्रूला ठावठिकाणा आपोआप कळे. चांगलं पेट्रोल विमानांना जाई आणि रणगाड्यांच्या वाट्याला हलक्या प्रतीचं येई. ते पिऊनही न ठोकणारं, धूर न करणारं १५० अश्वशक्तीचं इंजिन रिकार्डोंनी बनवलं, आणि १९१८ मध्ये 'मार्क फाइव्ह' रणगाडे ते घेऊन उतरले. त्याच वर्षी हॉपकिन्सन विमान अपघातात गेले. युद्ध संपल्यावर रिकार्डोंनी समुद्रकाठच्या शोरहॅम गावी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

तिथला सर्वांत महत्त्वाचा शोध मला वाटतो तो हा, की नॉकिंगचा दोष बऱ्याच अंशी इंजिनाचा नसून इंधनाचा असतो. शेल कंपनीसाठी त्यांनी निरनिराळ्या पेट्रोलचे नमुने तपासले. बोर्निओहून आलेला एक नमुना सगळ्यांत सरस ठरला. गंमत अशी, की हे पेट्रोल प्रमाणाबाहेर घट्ट म्हणून कंपनी ते तिकडे जंगलात जाळून टाकत होती! त्यातल्या टोल्युइनसारख्या घटकांमुळे ते दाब सोसत होतं. मग हेन्री टिझार्ड आणि डेव्हिड पाय या सहकाऱ्यांसह रिकार्डोंनी असं इंजिन बांधलं, की ते चालू असतानाच त्यातला दाब कमी-जास्त करता येई. कोणतं इंधन कुठल्या दाबाला ठोकू लागतं ते त्यावर मोजायचं आणि टोल्युइनच्या तुलनेत त्याला अंक द्यायचा. पेट्रोल पंपावर आज दिसणाऱ्या ऑक्टेनच्या आकड्याचा हा पूर्वज.

आता सुपरचार्जर. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्यात जास्त हवा कोंबायची. ते काम करणारा पंखा म्हणजे सुपरचार्जर. तो इंजिनाच्याच जोरावर फिरतो. धुराच्या जोरावर फिरला तर टर्बोचार्जर. पण हवा कोंबायची म्हणजे दाबायची, आणि दाबली की ती तापते. बाहेर ३० अंश असताना दाब दुप्पट केला, तर हवा सहज शंभरी ओलांडून सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. अशी कढत हवा सिलिंडरमध्ये शिरली की नॉकिंग ठरलेलंच. म्हणजे ज्या यंत्राने ताकद द्यायची, तेच ताप आणतं.

रिकार्डोंनी प्रयोगशाळेतल्या एका सिलिंडरच्या इंजिनावर हा खेळ पायरीपायरीने खेळून पाहिला. ठोका ऐकू येईपर्यंत हवेचा दाब वाढवायचा. मग पेट्रोल गरजेपेक्षा जास्त सोडायचं; जादा पेट्रोल उडताना मिश्रण थंड करतं आणि ठोका थांबतो. पुन्हा दाब वाढवायचा. एक वेळ अशी येते की कितीही पेट्रोल ओता, उपयोग शून्य. तिथे त्यांनी पाण्याचा बारीक फवारा सोडला. ठोका थांबला, दाब आणखी वाढवता आला आणि त्याच पेट्रोलवर इंजिनाने आधीपेक्षा कितीतरी जास्त ताकद दिली.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. पाण्यावर गाडी चालवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पाणी जळत नाही, ताकद देत नाही. ते फक्त ताप उतरवतं. त्यामुळे जास्त हवा आणि जास्त पेट्रोल सोसण्याची सोय होते.

पाण्यात मिथेनॉल मिसळतात त्याची कारणं व्यवहारी आहेत. नुसतं पाणी थंडीत आणि उंचावर गोठतं. मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे सिलिंडरपर्यंत पोहोचण्याआधी नळीतच त्याची वाफ होते. वाफ होताना ते पाण्याच्या निम्मी उष्णता शोषतं, तर पेट्रोल जेमतेम सातवा हिस्सा. शिवाय ते स्वतः जळतं आणि सहसा ठोकत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या मेसरश्मिट विमानांत निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी आणि किंचित गंजरोधक तेल असं मिश्रण वापरलं गेलं. त्याने सुमारे १४७५ अश्वशक्तीचं इंजिन १८०० पर्यंत जाई, पण एका वेळी फार तर दहा मिनिटं. अमेरिकेच्या थंडरबोल्ट विमानांतही पाण्याचा फवारा होता.

ब्रिटनने मुख्यतः दुसरी वाट धरली: इंधनच असं बनवायचं की ते ठोकणार नाही. त्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. अमेरिकेत १९२१ मध्ये हा उपाय सापडला होता. लिटरमागे चिमूटभर पुरे, वेगळी टाकी नको, चालकाला काही करायला नको. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, तरी जगभरच्या पंपांवर तेच आलं. त्या शिशाचा धूर मुलांच्या रक्तात उतरला आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करत राहिला. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र मिळू लागलं ते २००० साली.

मिथेनॉलही काही तीर्थ नव्हे. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी दृष्टीच्या नसेवर घाला घालतं. चहाचे दोन चमचे पोटात गेले तरी आंधळेपण येऊ शकतं. लक्षणं बारा-चोवीस तासांनी दिसतात, म्हणून माणूस बेसावध राहतो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले ते यानेच. हौसेने गाडीला असा संच बसवणाऱ्यांनी बाटली पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांपासून दूर, नाव लिहून आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. हे मिश्रण भरताना हातमोजे घालावेत. ते कातडीतूनही आत जातं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिकार्डोंची प्रयोगशाळा ऑक्सफर्डला हलली होती. ते १९२९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य आणि १९४८ मध्ये 'सर' झाले. लंडनच्या डिझेल बसगाड्यांत त्यांनी आखलेली ज्वलनाची खोली वर्षानुवर्षं चालली. पाणी-मिथेनॉल जेट युगातही टिकलं: आपल्याकडे उडालेल्या व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप आणि 'अवरो' विमानांची डार्ट इंजिनं उन्हाळ्यात उड्डाणाच्या वेळी त्याचा आधार घेत.

मोटारीत मात्र ते १९६२ मध्ये फसलं. अमेरिकेच्या ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीत टर्बोबरोबर पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी होती. ती रिकामी झाली की गाडी आपोआप मवाळ होई. यंत्र चोख होतं, पण मालक टाकी भरायलाच विसरत आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करत. अखेर कंपनीने अनेक गाड्यांतून ती यंत्रणा काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

रिकार्डो १८ मे १९७४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी गेले. २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएस ही गाडी जाहीर केली. तिच्या डिकीत पाच लिटरची टाकी होती. तीत मिथेनॉल नाही, शिसं नाही, नुसतं शुद्ध पाणी.