यंत्राविना गारवा शोधणारे अच्युत कानविंदे
दिल्लीत राहून देशभर इमारती उभारणारे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ मध्ये कोकणातील आचरा येथे झाला. मुंबईच्या जे. जे. नंतर हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासमवेत त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पाश्चात्त्य घडण येथील उन्हात जशीच्या तशी चालणार नाही, हे त्यांनी जाणले. आयआयटी कानपूरमध्ये त्यांनी इमारतींना जोडणारे सावलीचे मार्ग आखले. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर छपरावर उंच वायुमार्ग उभारून गरम हवा आपोआप वर निघून जाण्याची सोय केली. तापलेली हवा वर चढते, हा साधा नियम घरालाही लागू पडतो. वातानुकूलन यंत्रांवर विसंबलेल्या दिल्लीच्या घरबांधणीला मात्र त्याचा विसर पडलेला दिसतो. कानविंदे यांचे २००२ मध्ये निधन झाले.