पंडिता रमाबाई : भयातून विश्वासाकडे

हेमलकशासारख्या दूरच्या रानात रोगराई वा उपासमार आली की मन कचरते, आणि बाप्तिस्मा घेऊनही आपणांस भय का वाटते, असा प्रश्न पडतो. अशा वेळी आपण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र ध्यानात आणावे.

दक्षिणेतील दुष्काळात आईबाप व थोरली बहीण त्यांस अंतरली. १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती निवर्तले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी अंतःकरणास पूर्ण शांती मिळण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. सर्व भार केवळ ख्रिस्तावर टाकला, तेव्हा ती लाभली.

१८९६–९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. पूर्वीच्या भुकेची आठवण मनात असता व हाती पुरेसे द्रव्य नसता बाई तिकडे गेल्या, आणि शेकडो अनाथ मुली व बालविधवांस घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ति सदनात अशांस अन्न, विद्या व उद्योग मिळाला.

भय वाटले म्हणून विश्वास नाहीसा झाला, असे आम्ही मानीत नाही. भीतभीत का होईना, प्रभूचे नाव घेऊन भुकेल्या शेजाऱ्याच्या दारी जावे. तेथेच विश्वास बळावतो.