तोमाश बाटा : एक उद्योजक, दोन देशांचा वारसा

भारतात ‘बाटा’ हे नाव इतके रुळले आहे, की ते परदेशी असल्याचे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. या नावाचे मूळ पुरुष तोमाश बाटा यांचा जन्म ३ एप्रिल १८७६ रोजी मोरावियातील झ्लीन या गावी, पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या घराण्यात झाला. १८९४ मध्ये भाऊ आणि बहिणीसमवेत त्यांनी पादत्राणांचा व्यवसाय सुरू केला. यंत्रावरील उत्पादनाचे तंत्र त्यांनी अमेरिकेत जाऊन शिकून घेतले. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांच्या मागणीने कारखाना विस्तारला.

१९२२ च्या मंदीत त्यांनी जोड्यांच्या किमती निम्म्यावर आणल्या. त्यापायी कामगारांना ४० टक्के वेतनकपात सोसावी लागली. पुढे प्रत्येक विभागाचा हिशेब स्वतंत्र ठेवून नफ्यात कामगारांना वाटा देण्याची पद्धत त्यांनी रुजवली. १९२३ मध्ये ते झ्लीनचे नगराध्यक्ष झाले. १९३२ मध्ये कोलकात्याजवळील कोन्नगर येथे कंपनीचे भारतातील कार्य सुरू झाले. १२ जुलै १९३२ रोजी दाट धुक्यात झालेल्या विमान अपघाताने त्यांची कारकीर्द अकाली संपली.

त्यांचे सावत्र बंधू यान यांनी हा विस्तार शेतीप्रधान स्लोव्हाकियात नेला. १९३४ मध्ये तात्रा पर्वताच्या पायथ्याशी स्वीट हे औद्योगिक गाव वसले. नंतर पादत्राणांसाठी आजचे पार्टिझान्स्के उभे राहिले. १९४५ मध्ये हे कारखाने सरकारजमा झाले आणि १९४९ मध्ये झ्लीनचे नावही बदलून गॉटवाल्डोव्ह करण्यात आले.

साम्यवादी राजवट १९८९ मध्ये कोसळली, १९९३ मध्ये चेक आणि स्लोव्हाक विभक्त झाले. पूर्वेकडील बाजारपेठ गमावल्याने पादत्राणांचा धंदा दोन्हीकडे खालावला. तथापि, झ्लीन परिसरात बाटांच्या काळापासून जोपासलेली यंत्रनिर्मिती आणि टायर उत्पादनाची कौशल्ये टिकली. मुख्यत्वे पादत्राणांवर विसंबलेल्या पार्टिझान्स्केला तो आधार नव्हता. स्लोव्हाकियाने पुढे चेक प्रजासत्ताकाशी असलेले अंतर बरेच कमी केले, पण ते ब्रातिस्लाव्हा आणि झिलिना येथील परकीय मोटार कारखान्यांच्या बळावर. २०१० नंतरच्या दशकात मात्र ही गती मंदावली. आयात केलेले कारखाने उत्पन्न झपाट्याने वाढवतात. पूरक उद्योगांचे जाळे आणि स्थानिक कौशल्य घडण्यास पिढ्या लागतात.

झ्लीनला १९९० मध्ये जुने नाव परत मिळाले. २००१ मध्ये तेथे स्थापन झालेले विद्यापीठ तोमाश बाटांच्याच नावाने ओळखले जाते.